वारेच्या कॅप्सूल घेऊ का? आठव्या महिन्यातल्या आईच्या पत्राला उत्तर

पत्र: ‘मला आठवा महिना लागलाय. हे दुसरं बाळंतपण. पहिल्या वेळी तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगाच रडू यायला लागलं आणि ते दोन-अडीच महिने थांबलं नाही. कुणाला धड सांगितलंही नाही. दूध उशिरा उतरलं, हिमोग्लोबिन साडेआठवर आलं होतं. या वेळी नणंदेने वारेच्या (बाळामागून पडणाऱ्या प्लेसेंटाच्या) कॅप्सूल सुचवल्या आहेत. तिने घेतल्या होत्या आणि तिला खूप बरं वाटलं. ही सेवा देणाऱ्या बाई वार घेऊन जातात, वाफवतात, वाळवतात, पूड करून कॅप्सूलमध्ये भरतात आणि तिसऱ्या दिवशी बरणी आणून देतात. नैराश्य येत नाही, दूध वाढतं, लोह भरून निघतं असं त्या सांगतात. नवरा म्हणतो, तुझ्याच शरीरातलं आहे, अपाय काय होणार? पैसे भरायची मुदत पुढच्या आठवड्यात आहे. घेऊ का? आणि घ्यायच्या ठरल्या तर काय बघून घेऊ?’

आधी उत्तर, कारणं मागून. या कॅप्सूल घेऊ नका आणि पुढच्या आठवड्यात पैसेही भरू नका. मन, दूध आणि रक्त या तुमच्या तिन्ही काळज्या खऱ्या आहेत. पहिल्या खेपेचा अनुभव पाहता त्यांची तजवीज आत्तापासून करायला हवी. तिन्हींवर तपासून पाहिलेले उपाय आहेत आणि वारेची पूड त्यांत बसत नाही. तरीही तुम्ही ‘ठरल्या तर’ असं विचारलंय, म्हणून कॅप्सूल कशी बनते, कुठे बिघडते आणि कुणी तिच्या वाटेलाच जाऊ नये, हेही सविस्तर लिहितो.

तुमच्या यजमानांचा प्रश्न पहिला घेऊ, कारण बहुतेक घरांत निर्णय तिथेच होतो. ‘तुझ्याच शरीरातलं’ हे अर्धंच खरं आहे. वार वाढते ती मुख्यतः बाळाच्या पेशींपासून. आईचा वाटा असतो गर्भाशयाकडच्या पातळ थराचा आणि तिथे खेळणाऱ्या रक्ताचा. दिवस भरलेल्या बाळाची वार साधारण अर्धा किलो भरते. रुंदी १५ ते २० सेंटीमीटर, मधोमध जाडी दोन-अडीच सेंटीमीटर. नाळेकडची बाजू गुळगुळीत, निळसर करडी, वर रक्तवाहिन्यांचं जाळं. उलटी केली की गडद लाल, खाचांनी विभागलेले १५-२० उंचवटे दिसतात. दाबली तर स्पंजासारखं रक्त सुटतं. असा कोमट, रक्ताने भिजलेला, प्रथिनांनी भरलेला अवयव योनिमार्गातून बाहेर येतो आणि ट्रेमध्ये पडून राहतो. जिवाणूंना वाढायला याहून सोयीची जागा शोधून सापडायची नाही. पोटात असताना ती आपली होती हे खरं, पण ट्रेमध्ये तासभर राहिलेली वार तशीच उरलेली नसते.

ही भीती नुसती कागदावरची नाही. अमेरिकेत ओरेगन राज्यात सप्टेंबर २०१६ मध्ये जन्मलेल्या एका बाळाला जन्मानंतर लगेच श्वासाचा त्रास झाला. रक्तात ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस हा जिवाणू सापडला. अकरा दिवस प्रतिजैविक देऊन बाळ बरं झालं, घरी गेलं आणि पाच दिवसांत पुन्हा त्याच जिवाणूच्या संसर्गाने दाखल झालं. आई तिसऱ्या दिवसापासून वारेच्या कॅप्सूल घेत होती, दोन-दोन दिवसातून तीनदा. तिच्या दुधात जिवाणू सापडला नाही. कॅप्सूल तपासल्या तेव्हा त्यांत सापडला, आणि तो बाळाच्या रक्तातल्या जिवाणूशी जुळला. घरातल्या दुसऱ्या कुणाकडून तो बाळाकडे गेला असण्याची शक्यता तपास करणाऱ्यांनी नाकारली नाही. तरी आई रोज जिवाणू गिळत होती, त्यामुळे तिच्या आतड्यांत आणि त्वचेवर त्याची वस्ती वाढली असावी आणि तिथून तो बाळापर्यंत पोचला असावा, असं त्यांचं म्हणणं होतं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने जून २०१७ मध्ये हे प्रकरण छापलं आणि वारेच्या कॅप्सूल टाळा असं स्पष्ट लिहिलं. कॅनडाच्या आरोग्य खात्यानेही २०१८ मध्ये याबद्दल सावध केलं.

या प्रकरणातला तपमानाचा तपशील तुमच्या कामाचा आहे. त्या सेवेची वाळवणी ४६ ते ७१ अंश सेल्सिअसच्या दरम्यान व्हायची. आता हे बघा: ५४ अंशांवर साल्मोनेला जिवाणूंची संख्या कोटीतून एकावर आणायला तब्बल १२१ मिनिटं लागतात, तीही मांसाच्या आतल्या भागाचं तपमान तेवढं असेल तर. डिहायड्रेटरच्या (वाळवणीच्या यंत्राच्या) तबकडीवर ५४ लिहिलेलं असतं तेव्हा आत फिरणारी हवा ५४ अंशांची असते. ओला तुकडा पहिले काही तास त्याहून बराच थंड राहतो, कारण पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. म्हणजे ‘आठ तास ५४ अंशांवर वाळवलं’ या वाक्यातले पहिले दोन-तीन तास मांस जिवाणूंना आवडणाऱ्या ऊबेत असतं. ‘कच्ची पद्धत’ म्हणून जी सांगतात, न वाफवता मंद आचेवर वाळवायची, तीत हा धोका सगळ्यात मोठा. त्यातले गुण टिकतात असं सांगतात, पण टिकतात ते जिवाणू, एवढं खात्रीने सांगता येतं.

आता दाव्यांकडे. लोहाचा हिशेब सगळ्यात सोपा आहे, घरी करून पाहता येतो. अमेरिकेतल्या नेवाडा विद्यापीठाच्या संशोधकांनी कॅप्सूलसाठी तयार केलेल्या २८ वारांची पूड तपासली. एक ग्रॅम पुडीत साधारण ०.६ मिलिग्रॅम लोह निघालं. सेवा देणारे दिवसाला जास्तीत जास्त ३.३ ग्रॅम पूड घ्यायला सांगतात. गुणाकार केला की दिवसाला दोन मिलिग्रॅम. बाळंतिणीचं रक्त कमी असेल तर डॉक्टर जी लोहाची गोळी देतात तीत ३० ते ६० मिलिग्रॅम लोह असतं, कधी त्याहून जास्त. गेल्या वेळी तुमचं हिमोग्लोबिन साडेआठ होतं. ती तूट दिवसाला दोन मिलिग्रॅमने भरायची नाही. त्याच विद्यापीठाने पुढे २३ बाळंतिणींना दोन गटांत विभागून एका गटाला वारेच्या आणि दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या पुडीच्या कॅप्सूल दिल्या. कुणाला काय मिळालं हे ना त्यांना ठाऊक, ना देणाऱ्यांना. २०१७ साली आलेला निष्कर्ष असा की दोन्ही गटांतल्या लोहात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. (त्या २८ नमुन्यांत शिसं, पारा, कॅडमियम धोक्याच्या पातळीखाली होते, हेही सांगायला हवं. आई धूम्रपान करत असेल तर मात्र वारेत कॅडमियम साठतं.)

मनाच्या बाबतीतही तीच पद्धत वापरली गेली. २७ बायकांवरच्या चाचणीत वारेच्या गटातल्या काही संप्रेरकांत थोडा बदल दिसला, पण उदासी, थकवा, बाळाशी जवळीक यांत दोन गटांमध्ये ठाम फरक आढळला नाही. चाचणी लहान होती हे मान्य. पण दावा केवढा मोठा आहे तेही पाहायला हवं.

मग तुमच्या नणंदेला बरं वाटलं ते खोटं का? अजिबात नाही. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी बहुतेक जणींचं मन खाली जातं. डोळे भरून येतात, चिडचिड होते, झोप उडते. हे बहुतेकींच्या बाबतीत दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. आणि बरणी घरी येते ती नेमकी तिसऱ्या दिवशी. पाचव्या दिवशी तळ, बाराव्या दिवशी हुशारी, आणि मधले सगळे दिवस कॅप्सूल चालू. श्रेय कॅप्सूललाच जाणार. ज्या आईचं ओसरत नाही, तिची गोष्ट नात्यागोत्यात कुणी सांगत नाही. पहिल्या खेपेला तुम्हीही कुणाला सांगितलं नव्हतं.

दुधाचा दावा तर शरीराच्या चालीच्या उलटा आहे. गरोदरपणात स्तन दूध बनवायला तयार असतात, पण वारेतून येणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक त्यांना थोपवून धरतं. वार पडली की प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात दूध भरून येतं. वारेचा तुकडा गर्भाशयात अडकून राहिला तर दूध उतरायला उशीर होतो, हे सुइणींना आणि डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे. मग तीच वार पोटातून पुन्हा शरीरात घालून दूध कसं वाढेल? ‘वारेतलं ऑक्सिटोसिन पान्हा फोडतं’ असंही सांगितलं जातं. ऑक्सिटोसिन पचनमार्गात पचून जातं, म्हणून तर दवाखान्यात ते सुईनेच देतात. इस्ट्रोजेन या संप्रेरकाचं तसं नाही. ते वाफ आणि वाळवण सोसून पुडीत काही प्रमाणात उरतं, आणि जास्त झालं तर दूध कमी करतं. एका तीन महिन्यांच्या, अंगावर पिणाऱ्या मुलीच्या स्तनांत गाठ येऊन योनीतून रक्त गेल्याची नोंद २०१९ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली. तिची आई वारेच्या कॅप्सूल घेत होती. असं एखादंच प्रकरण, पण पुडीतली संप्रेरकं दुधातून बाळापर्यंत पोचू शकतात अशी शंका त्याने उभी केली.

सेवा देणाऱ्या बाई १९५४ सालच्या एका अभ्यासाचा दाखला देतील. दूध कमी पडेल असं वाटणाऱ्या २१० बायकांना वाळवलेली वार दिली आणि बहुतेकींना फायदा झाला, असा. तो अभ्यास खरोखर झाला होता, पण आजच्या कसोटीला उतरेल असा तुलनेचा गट त्यात नव्हता. त्या दिवसांत दूध वाढणारच असतं. पूड न देता किती जणींचं वाढलं असतं हे त्यातून कळत नाही. आणि ‘सगळे प्राणी खातात, माणसांतही ही जुनी चाल आहे’ असंही ऐकवतील. बहुतेक सस्तन प्राणी खातात, उंट खात नाहीत. माणसांबद्दल म्हणाल तर २०१० मध्ये १७९ समाजांच्या नोंदी धुंडाळल्या गेल्या. वार पुरण्याचे, जपण्याचे, पाण्यात सोडण्याचे कितीतरी प्रकार सापडले. बाळंतिणीने स्वतःची वार खाण्याची रूढ प्रथा एकाही समाजात सापडली नाही.

एवढं वाचूनही घरातल्यांचा आग्रह असेल, तुमचंही मन तिकडे ओढत असेल, तर पुढचं नीट वाचा. यातली कुठलीही गोष्ट कॅप्सूल निर्धोक करत नाही. धोका थोडा कमी होतो, इतकंच.

काही बायकांनी हा विचारही करू नये. कळा चालू असताना ताप आलेला असेल, पाण्याला दुर्गंधी असेल, वारेला किंवा पाण्याच्या पिशवीला संसर्ग झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं असेल तर नाही. ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकसची तपासणी सकारात्मक असेल तर नाही. (नकारात्मक आली म्हणून निर्धास्तही होऊ नका, ओरेगनच्या त्या आईची ३७ व्या आठवड्यातली तपासणी नकारात्मकच होती.) हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी किंवा एचआयव्ही असेल तर नाही, कारण तिथे वार हाताळणाऱ्यालाही धोका आहे. आधी पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल तर नाही: बाळंतपणानंतरचे सहा आठवडे गुठळीचा धोका तसाही वाढलेला असतो, त्यात इस्ट्रोजेनची भर नको. बाळ वेळेआधी जन्मलं, आजारी आहे, नवजात शिशू कक्षात आहे, तर अजिबात नाही.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. बाळाची वाढ कमी असेल, रक्तदाब चढला असेल, रक्तस्राव झाला असेल, दिवस अपुरे असतील तर डॉक्टर वार प्रयोगशाळेत पाठवतात. तिथे ती फॉर्मालिनमध्ये बुडवली जाते. फॉर्मालिन लागलेली वार विष आहे. धुऊन, वाफवून, कशानेही ती खाण्याजोगी होत नाही. आणि कॅप्सूलसाठी म्हणून तपासणी नाकारू नका. बाळाला नेमकं काय झालं याचं उत्तर कधीकधी फक्त वारेतच असतं.

दवाखाना वार देईलच असंही धरून चालू नका. बहुतेक ठिकाणी ती जैववैद्यकीय कचऱ्यात मोडते. मिळणार असेल तर आधी लेखी अर्ज, सही आणि काही तपासण्यांचे अहवाल लागतात. हे सगळं सदतिसाव्या आठवड्यापूर्वी विचारून ठेवा. कळा सुरू झाल्यावर हा वाद घालायची वेळ नसते.

वार पडली की सर्वांत आधी डॉक्टर किंवा सुईण ती पूर्ण आलीय का ते पाहतात. ते लाल उंचवटे एकमेकांना जुळवून बघतात. एखादी जागा रिकामी दिसली तर तुकडा आत राहिलाय, आणि त्यातून जोराचा रक्तस्राव होऊ शकतो. ही पाहणी होईपर्यंत वारेला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मग ती गळणार नाही अशा, खाद्यपदार्थांसाठी बनलेल्या झाकणाच्या डब्यात, बाहेरून दोन पिशव्या, वर आईचं नाव, तारीख, जन्माची वेळ. तासाभरात, फार तर दोन तासांत बर्फाच्या पेटीत, ५ अंशांखाली. नंतर फ्रिजमध्ये सगळ्यात खालच्या कप्प्यात, इतर कशाला टेकणार नाही अशी. दोन दिवसांत पुढचं काम होणार नसेल तर उणे १८ अंशांवर गोठवायची. पण गोठवल्याने जिवाणू मरत नाहीत, फक्त थांबतात. वितळवायचीही फ्रिजमध्येच, ओट्यावर नाही.

पुढचे टप्पे असे असतात: थंड पाण्याने हळू धुणे, नाळ आणि पडदे कापून काढणे, गुळगुळीत बाजूच्या रक्तवाहिन्या दाबून साचलेलं रक्त काढणे, वाफवणे, पातळ काप, वाळवणे, दळणे, भरणे. चुकतं ते बहुतेक वाफवणीत आणि वाळवणीत. वाफवताना बाहेरून रंग तपकिरी झाला म्हणजे आत शिजलं असं नाही. सर्वांत जाड भागात टोकदार तापमापी खुपसून ७५ अंश दिसायला हवेत आणि ते काही मिनिटं टिकायला हवेत. तसं करूनही काही जिवाणूंचे बीजाणू वाफेत मरत नाहीत, आणि ओलावा राहिला की ते पुन्हा उगवतात. म्हणून काप तीन ते पाच मिलिमीटर, सगळे सारखे, ट्रेमध्ये एकावर एक न चढवलेले. तपमान ७० अंशांच्या आसपास, आठ ते बारा तास. जाड काप सुरुवातीपासून कडक आचेवर ठेवले तर वरचा पापुद्रा आधी आवळतो आणि आतलं पाणी अडकतं. परीक्षा सोपी आहे: थंड झालेला काप वाकवायचा. कट्‌कन मोडला तर वाळला. वाकला, चामड्यासारखा चिवट राहिला तर आत पाणी आहे, आणि त्याची पूड आठवड्या-दोन आठवड्यांत बुरशी धरणार.

कॅप्सूलची संख्याही बरंच काही सांगते. वारेत ८० ते ८५ टक्के पाणी असतं. अर्धा किलोची वार वाळून ७५ ते १०० ग्रॅम उरते, पडदे आणि नाळ वजा जाता त्याहून थोडी कमी. मोठ्या, म्हणजे ‘डबल झिरो’ आकाराच्या कॅप्सूलमध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा थोडी जास्त पूड मावते. म्हणजे सव्वाशे-दीडशे कॅप्सूल, मोठी वार असेल तर दोनशेच्या आत. कुणी तीनशे कॅप्सूलची बरणी दिली तर विचारा, आकार लहान आहे की पुडीत दुसरं काही मिसळलंय? की दोन घरच्या वारा एकत्र झाल्या? हा शेवटचा प्रश्न विचारायला संकोचू नका. दुसऱ्या बाईच्या रक्तातून येणारे आजार यातूनच तुमच्या घरात शिरू शकतात.

म्हणूनच सेवा घेणारच असाल तर काम तुमच्या घरी, तुमच्या डोळ्यांदेखत व्हावं. बाईंच्या घरी एकाच ओट्यावर आठवड्याला चार-पाच वारा कापल्या जात असतील तर कितीही नीटनेटकेपणा असला तरी खात्री देता येत नाही. सुरी, फळी, ट्रेची जाळी, दळायचं भांडं साबणाने घासून मग क्लोरीनच्या द्रावणात भिजवतात का? दळायच्या भांड्याच्या पात्याखालची रबरी चकती काढून धुतात का? पूड तिथेच अडकते. वाफवणीचं आणि वाळवणीचं तपमान, वेळ, तारीख लिहून ठेवतात का, आणि तो कागद तुम्हाला देतात का? ‘प्रमाणपत्र’ दाखवलं तर ते कुणी दिलंय ते वाचा. बहुधा एखाद्या खासगी अभ्यासक्रमाचं असतं. त्या बाईंनी काय शिकलं ते त्यावरून कळेल, तुमच्या बरणीत काय आहे ते कळणार नाही. आणि ‘नैराश्य येणारच नाही’ असं सांगणाऱ्या कुणाकडूनही काहीच घेऊ नका.

आता खऱ्या कामाकडे वळू. दोन-अडीच महिने न थांबलेलं रडू म्हणजे पहिल्या दोन आठवड्यांची हळवी अवस्था नव्हे. ते प्रसूतीनंतरचं नैराश्य असावं आणि ते उपचारांविना अंगावर काढलं गेलं. याचा तुम्हाला जो त्रास झाला तो सहन करायची काहीच गरज नव्हती, आणि त्यात तुमची चूकही नव्हती. एकदा झालेलं नैराश्य पुढच्या बाळंतपणात पुन्हा येण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. म्हणून पुढच्या भेटीत डॉक्टरांना पत्रातली पहिल्या वेळच्या त्रासाची वाक्यं जशीच्या तशी वाचून दाखवा. नैराश्य ओळखण्यासाठीची एडिनबर्ग प्रश्नावली भरायला मागा. ती १९८७ पासून जगभर वापरात आहे: दहा प्रश्न, तीस गुण, पाच-सात मिनिटांचं काम. दहा किंवा त्याहून जास्त गुण आले तर पुढची तपासणी हवी. तेरा किंवा त्याहून जास्त आले तर लवकर हवी. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे ‘कधीच नाही’ सोडून दुसरं उत्तर आलं तर एकूण गुण किती आहेत हे न बघता त्याच दिवशी मदत घ्यायची. ही प्रश्नावली आत्ता भरा, मग बाळंतपणानंतर दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात, मग तिसऱ्या महिन्यात. तारखा आजच कॅलेंडरवर लिहा आणि ते काम यजमानांकडे सोपवा. त्या दिवसांत तुम्हाला आठवेल अशी अपेक्षा ठेवू नका.

ज्यांना आधी त्रास झालाय अशांनी गरोदरपणातच समुपदेशन सुरू केलं तर नैराश्य टाळता येतं, असा चांगला पुरावा आहे. अमेरिकेतल्या प्रतिबंधक उपचारांच्या तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये तशी शिफारसच केली. विचार आणि वागणूक यांवर काम करणारी किंवा नातेसंबंधांवर भर देणारी उपचारपद्धत, काही आठवड्यांच्या बैठका. तुमच्या हातात अजून निदान सहा-सात आठवडे आहेत, तेवढे सुरुवातीला पुरतात. औषध लागलंच तर अंगावर पाजत असतानाही चालणारी औषधं आहेत. सर्ट्रलीन दुधात फार कमी उतरतं, म्हणून बऱ्याचदा पहिली निवड तीच असते. आणि झोप! चोवीस तासांत एकदा तरी सलग चार-पाच तास, दुसऱ्या कुणीतरी बाळ सांभाळून. हे घरच्यांशी आत्ताच ठरवून ठेवा. सहाव्या आठवड्यानंतरही थकवा, धडधड, केस गळणं, उदासी चालू राहिली तर थायरॉइड तपासून घ्या. बाळंतपणानंतर त्याचं बिनसतं आणि दिसायला ते नैराश्यासारखंच दिसतं.

रक्तासाठी आताच हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. साठा रिकामा असेल तर उरलेल्या आठवड्यांत गोळीने, गरज पडली तर शिरेतून लोह देता येतं. प्रसूतीच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा हिमोग्लोबिन बघा. गोळी सहा ते बारा आठवडे, चहा-कॉफी आणि कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तास लांब.

दुधासाठी पहिल्या तासात बाळ छातीशी, अंगाला अंग लावून. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजायचं. बाळाच्या तोंडात नुसतं बोंड नको, भोवतालचा काळा भागही हवा. पहिल्या वेळी दूध उशिरा उतरलं त्यामागे कमी हिमोग्लोबिन आणि जास्त रक्तस्राव असू शकतो. म्हणून स्तनपान शिकवणाऱ्या परिचारिकेला तो इतिहास सांगा आणि पहिल्या दोन दिवसांतच एक पाजणं तिला पूर्ण बघू द्या. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा ओले लंगोट आणि दोन आठवड्यांच्या आत जन्मावेळचं वजन परत, एवढं असलं की दूध पुरतंय.

हे सगळं वाचूनही कॅप्सूल सुरू केल्याच, तर एवढं पाळा. बाळाच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. बरणी फ्रिजमध्ये, झाकण ओल्या हाताने उघडायचं नाही. कॅप्सूल एकमेकींना चिकटल्या, वास बदलला, पुडीत ठिपके दिसले की पूर्ण बरणी टाकून द्या. तुम्हाला ताप आला, स्तन लाल होऊन दुखू लागले, पोटरी सुजली किंवा दूध घटलं की त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टरांना गाठा. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असताना त्याला ३८ अंश किंवा त्याहून जास्त ताप आला, ते पाजायला उठेना, सतत किरकिरू लागलं, कण्हल्यासारखा श्वास घेऊ लागलं तर घरी वाट बघू नका. रात्र असली तरी थेट दवाखान्यात न्या. निघताना ती बरणी सोबत घ्या आणि उरलेल्या कॅप्सूल तपासायला द्या.